ठरवून हललेला फोटो: ठाणे-नवी मुंबईत अमूर्त छायाचित्रण शिकताना

ठाण्याच्या तलावपाळीवर दिवे लागल्यावर कॅमेरा हलवून काढलेले पहिले दहा फोटो कुणाचेही बरे येतात. पाणी काळं असतं, त्यात खाऊगाड्यांचे आणि पाट्यांचे रंग उतरलेले असतात, शटर जरा लांबवलं की काहीतरी चमकदार हाती लागतंच. अडचण पुढे येते. ‘यातला पाचवा छान आहे, तसाच अजून एक काढ,’ असं कुणी म्हटलं की बहुतेकांना तो काढता येत नाही. शटर किती होतं हे फाइलमध्ये सापडतं; हात कुठल्या दिशेला, किती आणि कधीपासून फिरला, याची नोंद मात्र कुठेच नसते. नव्याने शिकणाऱ्याने पहिलं वर्ष एवढ्याच कामावर घालवलं तरी चालेल: योगायोगाने आलेला परिणाम हवा तेव्हा पुन्हा काढता यायला हवा.

सामान थोडंच लागतं. मॅन्युअल मोड असलेला कुठलाही डीएसएलआर किंवा मिररलेस, किटबरोबर आलेली १८-५५ लेन्स, जमल्यास ५० मिमी एफ/१.८, एक एनडी ६४ फिल्टर (लेन्समध्ये येणारा उजेड कमी करणारी गडद काच) आणि एक सर्क्युलर पोलरायझर, म्हणजे चमक आटोक्यात आणणारा सीपीएल. दोन लेन्सचे व्यास वेगळे असतील तर मोठ्या व्यासाचा फिल्टर घ्या आणि लहान लेन्सला स्टेप-अप रिंग लावा. उलटं जमत नाही, कोपरे काळे होतात. व्हेरिएबल एनडी सोयीचा वाटतो, पण तो दोन पोलरायझर एकावर एक बसवून केलेला असतो. रुंद लेन्सवर तो शेवटच्या टोकापर्यंत फिरवला की फोटोवर काळपट फुली उमटते. जुनं सामान घ्यायला लोक अजूनही फोर्टातल्या बोरा बाजारात जातात. तिथे लेन्सच्या एका बाजूने मोबाइलचा टॉर्च मारून दुसऱ्या बाजूने बघा. आत बारीक पांढरे धागे दिसले तर ती बुरशी आहे. आपल्याकडच्या दमट हवेत ती वाढतच जाते, स्वस्त मिळाली तरी ती लेन्स घेऊ नका.

आयसीएम: इथे जास्त वेळ द्या

इंटेन्शनल कॅमेरा मूव्हमेंट, सगळे त्याला आयसीएमच म्हणतात. शटर उघडं असताना कॅमेरा ठरवून हलवायचा. ऑस्ट्रियात जन्मलेला एर्न्स्ट हास १९५०च्या दशकात रंगीत फिल्मवर बैलझुंजी संथ शटरने टिपत होता, म्हणजे प्रकार नवा नाही. नवी सोय एवढीच की परिणाम लगेच मागच्या पडद्यावर दिसतो, आणि तीच सवय बिघडवते. लोक विचार न करता शंभर फोटो काढतात आणि त्यातला एक निवडतात.

आधी उजेडाचं गणित. भर उन्हात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, एफ/१६ (लेन्सच्या छिद्राचं माप) आणि १/१२५ सेकंद हे ढोबळ माप. उजेड निम्मा झाला की एक स्टॉप गेला म्हणायचं. एनडी ८ लावला की तीन स्टॉप जातात आणि शटर १/१५ होतं. एनडी ६४ लावला की सहा स्टॉप जातात, शटर अर्ध्या सेकंदावर येतं. एनडी १००० लावला तर आठ सेकंद. हाताने करायच्या आयसीएमचं बहुतेक काम १/८ ते १ सेकंद या पट्ट्यात होतं, म्हणून एकच फिल्टर घ्यायचा तर ६४. आठ सेकंद हातात कॅमेरा सरकवला तर रंगांचा लगदा होतो. सूर्य बुडाल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी मात्र फिल्टरची गरजच नसते. आयएसओ १००, एफ/११वर अर्धा सेकंद सहज मिळतो.

आता हात. कोपरं बरगड्यांना टेकवा, पाय थोडे फाकवून उभे राहा आणि कमरेतून वळा. मनगट हलवलं तर रेघ वाकडी होते. हालचाल शटर दाबण्याआधी सुरू करायची आणि शटर बंद झाल्यावरही क्षणभर चालू ठेवायची. शटर उघडताना कॅमेरा थांबलेला असेल तर त्या क्षणाची स्थिर प्रतिमा पुसट सावलीसारखी राहते. ती नको असते तेव्हा ती चूक असते. हवी असेल तर तेच तंत्र होतं: एक सेकंदाच्या शटरमध्ये पहिला तिसरा हिस्सा स्थिर राहा आणि मग सरका, झाडाचा सांगाडा राहतो आणि रंग वाहतात. किती सरकायचं? फ्रेमच्या पाव ते एक तृतीयांश हिश्श्याएवढं. त्याहून फार कमी सरकलं तर बघणाऱ्याला वाटतं हात हलला. जास्त सरकलं तर आकारच उरत नाही.

दिशा विषयाकडून घ्यायची. सरळसोट खोडांना वर-खाली हालचाल मानवते. येऊरच्या जंगलात मार्चमध्ये पानं गळालेला साग त्यासाठी उत्तम, कारण फांद्या-पानांची आडवी गर्दी नसते. खारफुटीवर हेच केलं तर हिरवा चिखल दिसतो. तिच्या फांद्या सगळ्या बाजूंना पसरलेल्या असतात. तिथे आडवी हालचाल करा आणि फ्रेममध्ये पाणी, चिखल, झाडी आणि आकाश असे चार पट्टे येतील अशी उंची निवडा. ठाण्याच्या खाडीची एक गंमत कामाची आहे: पूर्वेला कोपरी-चेंदणीच्या काठावरून सूर्य खाडीपलीकडे उगवतो, आणि वाशी-ऐरोलीच्या काठावरून तोच खाडीवर मावळतो. पाण्याचा सोनेरी पट्टा हवा असेल तर सकाळी ठाण्यात, संध्याकाळी नवी मुंबईत. जायच्या आधी भरती-ओहोटीची वेळ बघा. ओहोटीला पट्टा चिखलाचा असतो, तोही वाईट दिसत नाही, पण चमक वेगळी.

नेरूळला टीएस चाणक्य या नौकानयन प्रशिक्षण संस्थेजवळच्या पाणथळीवर रोहित (फ्लेमिंगो) येतात तेव्हा १/१५ ते १/३० सेकंदावर त्यांच्या उडण्याबरोबर कॅमेरा फिरवला की गुलाबी-काळे फराटे मिळतात. खाडीतला चिखल भरतीखाली गेला की पक्षी या पाणथळींकडे सरकतात, त्यामुळे वाट बघितली की ते आपणहून उडतात. टाळ्या वाजवून उडवणारे लोक तिथे भेटतील. त्यांच्यासारखं करू नका.

बिघडतं कुठे, ते सांगतो. कॅमेऱ्यातलं किंवा लेन्समधलं स्टॅबिलायझेशन चालू राहिलं तर ते तुमची हालचाल रद्द करायला बघतं आणि रेघेच्या सुरुवातीला हिसका दिसतो, बंद करा. ऑटोफोकस सरकत्या दृश्यात चाचपडत राहतो. एकदा फोकस करून मॅन्युअलवर टाका. ऑटो व्हाइट बॅलन्स दर फोटोला रंग बदलतो, मग दहा फोटो एका मालिकेचे वाटत नाहीत. डेलाइटवर ठेवा आणि रॉमध्ये, म्हणजे सेन्सरच्या मूळ माहितीच्या फाइलमध्ये, काढा. सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे सेन्सरवरची धूळ. दृश्य सरकतं, पण धूळ सेन्सरला चिकटलेली असते, ती कॅमेऱ्याबरोबरच फिरते. त्यामुळे सगळं मऊ वाहिलेलं असताना एफ/१६ला तिचे डाग ठळक दिसतात. अधूनमधून एफ/१६वर मोकळ्या आकाशाचा एक फोटो काढून डाग तपासा, ब्लोअरने हवा मारा, सेन्सरला बोट किंवा कापड लावू नका.

रात्रीच्या दिव्यांचा एक वेगळा धडा. आपली वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे बरेच साधे एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. कॅमेरा झपकन फिरवला की दिव्याची अखंड रेघ येत नाही, ठिपक्यांची माळ येते. पाव सेकंदात पंचवीस ठिपके. काही पाट्यांची माळ येते, काहींची रेघ, कारण प्रत्येकाचं सर्किट वेगळं. हे कळलं की ठिपके हवेत की नकोत हे ठरवता येतं: हवे तर हात जलद, नको तर संथ, म्हणजे ठिपके एकमेकांवर चढतात.

सरावासाठी एक विषय, एकच हालचाल घ्या आणि फक्त शटर बदला: १/१५, १/८, १/४, १/२ आणि १ सेकंद, प्रत्येकी सहा फोटो. दर संचानंतर मोबाइलवर आवाजी नोंद करा: ‘वरून खाली, पाव फ्रेम, सुरुवातीला थांबलो नाही.’ कंटाळवाणं आहे. पण घरी तीस फोटो शेजारी लावले की हाताची चूक कुठली आणि शटरची कुठली, ते वेगळं दिसतं.

एकावर एक

मल्टिपल एक्स्पोजर, म्हणजे एकाच चित्रात अनेक फ्रेम एकावर एक चढवणं, कॅननच्या, निकॉनच्या आणि फुजीफिल्मच्या अनेक कॅमेऱ्यांत आतच असतं. ॲडिटिव्ह मोडमध्ये उजेडाची बेरीज होते, म्हणून प्रत्येक फ्रेम कमी उजेडात घ्यावी लागते: दोन फ्रेमना एक स्टॉप कमी, चारना दोन, आठना तीन. ॲव्हरेज मोडमध्ये हे कॅमेरा सांभाळतो. ब्राइट मोडमध्ये दोन्हींतला जो भाग उजळ तो राहतो. काळ्या आकाशावरच्या दिव्यांना तो ठीक, दिवसा त्याने सगळं फिकट होतं. नवख्यांनी पहिली फ्रेम गडद आणि साध्या आकाराची घ्यावी, कारण दुसऱ्या फ्रेमचा पोत पहिल्याच्या काळ्या भागातच नीट उतरतो.

एकट्या झाडाभोवती किंवा चौकातल्या पुतळ्याभोवती फिरून घेतलेले १८ फोटो, दर २० अंशांवर एक, हा या प्रकारातला सगळ्यात शिकवणारा प्रयोग. अंतर सारखं ठेवा आणि व्ह्यूफाइंडरमधल्या ग्रिडच्या एकाच रेघेवर बुंधा बसवा. संगणकावर थर रचताना तळचा १०० टक्के, त्यावरचा ५०, मग ३३, २५, २०, म्हणजे शंभर भागिले थराचा क्रमांक. सगळे थर ५० टक्क्यांवर ठेवणारे नेहमी विचारतात की शेवटचाच फोटो का दिसतो, उत्तर हेच. जिंप हे फोटो संपादनाचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि त्यात हे होतं. फोटोशॉप असेल तर सगळे थर एका स्मार्ट ऑब्जेक्टमध्ये घेऊन स्टॅक मोड ‘मीन’ करा, आकडेमोड वाचते. बुंधा दर वेळी थोडा सरकलाच तर काळजी नको, फांद्यांचं जाळं उलट दाट होतं. पण उंची चुकली की जमीन धूसर होते आणि चित्र तरंगायला लागतं.

भिंती, पत्रे, ताडपत्री

हलवाहलवी न करताही अमूर्त चित्र मिळतं. वागळे इस्टेटच्या जुन्या शेडचे गंजलेले पत्रे, रबाळे-महापे पट्ट्यातल्या टाक्यांवरचे ओघळ, तुर्भ्याच्या बाजारसमितीत उभ्या ट्रकांच्या फळ्यांवरचे रंगाचे थर, पावसाळ्यात इमारतींवर चढवलेल्या निळ्या ताडपत्र्या आणि दुरुस्तीच्या परांच्यांवरची हिरवी जाळी. कंपनीच्या फाटकाच्या आत परवानगीशिवाय जाऊ नका, आणि बाहेरून काढतानाही पहारेकऱ्याला आधी सांगितलं तर वाद वाचतो.

तंत्र साधं: सेन्सर भिंतीला समांतर, एफ/८, आणि ऊन बाजूने पडेल अशी वेळ. सूर्य डोक्यावर असताना पोपडे सपाट दिसतात. ओल्या पत्र्यावरची चमक सीपीएल फिरवून कमी-जास्त करता येते. रंगवलेल्या किंवा ओल्या पृष्ठभागावर तो चालतो, पण उघड्या धातूच्या चकाकीवर त्याचा फारसा उपयोग होत नाही. खरं काम चौकटीचं आहे. खिळा, वायर, पान, कुलूप, असलं काहीही आत आलं की डोळ्याला आकारमान कळतं आणि चित्र पुन्हा ‘भिंतीचा फोटो’ होतं. अक्षराचा अर्धा तुकडाही घातक, कारण डोळा तो वाचायला लागतो. चित्रकार नसरीन मोहम्मदी (१९३७-१९९०) यांचे कृष्णधवल फोटो या दृष्टीने बघावेत. त्या रेषाचित्रांसाठी ओळखल्या जातात आणि फोटो त्यांनी हयातीत प्रदर्शनात मांडले नाहीत, पण रस्ता, पाणी आणि सावली यांतून काय वगळायचं, याचा त्याहून चांगला पाठ सापडणं कठीण.

घरच्या टेबलावर

जून ते सप्टेंबर बाहेरचं काम अडतं, तेव्हा तेल आणि पाणी. काचेचा केकचा ट्रे दोन उंच डब्यांवर ठेवा, खाली २० ते २५ सेंमी अंतरावर रंगीबेरंगी कापड. ट्रेमध्ये दोन सेंमी पाणी, एक चमचा सूर्यफुलाचं तेल आणि भांडी घासायच्या लिक्विडचा एकच थेंब. लिक्विड जास्त झालं की तेल फुटून पाणी दुधाळ होतं आणि ट्रे धुऊन पुन्हा सुरुवात करावी लागते. उजेड कापडावर पाडा, पाण्यावर नाही, नाहीतर लेन्सचंच प्रतिबिंब दिसतं. कॅमेरा बरोबर वरून, एफ/८, शटर १/१२५ किंवा जलद, कारण बुडबुडे सरकत असतात. पंखा बंद. ५० मिमीला एक्स्टेन्शन ट्यूब (लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसणारी पोकळ नळी) लावली तर मोठेपणा ट्यूबच्या लांबीला फोकल लांबीने भागून मिळतो: ३१ मिमीची ट्यूब म्हणजे साधारण ०.६ पट.

दुसरा प्रयोग ध्रुवीभूत (पोलराइज्ड) प्रकाशाचा, आणि तो पहिल्याच दिवशी जमतो. लॅपटॉपचा एलसीडी पडदा पूर्ण पांढरा करा, लेन्सला सीपीएल लावा आणि पडदा काळा दिसेपर्यंत तो फिरवा. आता मध्ये पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी, कोनमापक, सीडीची डबी किंवा काचेवर आडवेतिडवे चिकटवलेले सेलोटेपचे तुकडे धरा. साच्यात ताण राहिलेल्या जागी इंद्रधनुषी पट्टे उमटतात. टेपच्या थरांची संख्या बदलली की रंग बदलतो. मोबाइलपुढे फिल्टर हातात धरणाऱ्यांची एक ठरलेली तक्रार असते की पडदा काळा होतच नाही. फिल्टर उलटा धरलेला असतो. आट्यांची बाजू मोबाइलकडे हवी.

सायनोटाइप: कॅमेऱ्याविना

रसायन लावलेल्या कागदावर उन्हाने निळा छाप उमटवायची, जॉन हर्शेलने १८४२ साली शोधलेली ही पद्धत, आणि पुढच्याच वर्षी ॲना ॲटकिन्सने तिच्यावर शेवाळांच्या निळ्या छापांचं पुस्तक काढायला सुरुवात केली. प्रयोगशाळांना रसायनं पुरवणाऱ्या दुकानातून हिरवं फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड आणा. पहिलं २५ ग्रॅम १०० मिली पाण्यात, दुसरं १० ग्रॅम १०० मिली पाण्यात, दोन वेगळ्या गडद बाटल्यांत. वापरताना समान भाग मिसळा; ए४ कागदाला तीन-चार मिली पुरे होतं. पिवळ्या मंद दिव्यात रुंद ब्रशने लावा, अंधारात सुकवा, वर पान किंवा पारदर्शक ओएचपी शीटवर छापलेली निगेटिव्ह ठेवून काचेने दाबा आणि उन्हात ठेवा. पाच ते पंधरा मिनिटं, ऋतू आणि ढग बघून. उघडा भाग हिरवट पिवळ्यापासून निळा होऊन मळकट राखाडी झाला की उचला. साध्या पाण्यात पिवळेपणा जाईपर्यंत, साधारण दहा मिनिटं, धुवा. धुताना सगळंच वाहून गेलं तर ऊन कमी पडलं. पांढऱ्या जागा निळसर राहिल्या तर कागद आधीच उजेडाने किंवा ओलाव्याने खराब झाला होता. पावसाळ्यात हे हमखास होतं, म्हणून लावलेला कागद त्याच दिवशी वापरा. पहिल्या बाटलीत बुरशी धरते, गाळून घ्या. फेरिसायनाइडला तीव्र आम्लाजवळ किंवा आचेवर नेऊ नका, विषारी वायू निघू शकतो. हातमोजे घाला, स्वयंपाकाची भांडी वापरू नका. छाप कपड्यावर घेतला असेल तर धुण्याच्या सोड्याने तो उडतो. खारफुटीला कायद्याचं संरक्षण आहे, तिची पानं तोडू नका. गळून पडलेली पुष्कळ मिळतात.

मोबाइलवाल्यांसाठी थोडक्यात. मोबाइलच्या लेन्सचं छिद्र (ॲपर्चर) बहुधा बदलत नाही, त्यामुळे दिवसा लांब शटर मिळत नाही. प्रो मोडमध्ये आयएसओ ५० ठेवून झगमगत्या बाजारात १/१५, काळोख्या गल्लीत १/४. दिवसा गडद गॉगलची काच पुढे धरली तर ढोबळ तीन स्टॉप मिळतात. पॅनोरमा मोडही गमतीचा आहे: मोबाइल फिरवत असताना समोरून बस जाऊ द्या. बस त्याच दिशेने जात असेल तर ताणली जाते, उलट दिशेने असेल तर आक्रसते.

पुढे काय

शिक्षण घ्यायचं असेल तर नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन म्हणजे एनआयडीच्या गांधीनगर केंद्रात छायाचित्रणाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. त्याआधी लोकांत मिसळायला मुंबईची १९३७ साली स्थापन झालेली फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया आहे. स्पर्धांना पाठवताना विभाग बघा. दोन फ्रेम जोडलेलं चित्र निसर्ग विभागात बसत नाही. पोर्टफोलिओत आयसीएमचा एक, तेलाचा एक, सायनोटाइपचा एक असं प्रदर्शन मांडू नका. त्यातून फक्त एवढंच कळतं की तुम्हाला तीन युक्त्या येतात. एकच जागा आणि एकच तंत्र घेऊन १२ ते १५ चित्रं ठेवा, आणि प्रत्येकाखाली शटर व हालचाल सांगता आली पाहिजे, कारण निवडणारे नेमकं तेच विचारतात.

पैशाचं काम बहुतेक अंतर्गत सजावट करणाऱ्यांकडून येतं. घोडबंदर रोडवरच्या नव्या घरांत सोफ्याच्या वर लावायला त्यांना तीन तुकड्यांत कापता येईल असं आडवं चित्र हवं असतं, म्हणून काढतानाच थोडी रुंद फ्रेम ठेवा आणि मुख्य आकार कापाच्या रेघेवर येऊ देऊ नका. २४ मेगापिक्सेलची फाइल ३०० पीपीआयला (इंचाला ३०० पिक्सेल) २० बाय १३ इंचांपर्यंत छापता येते. आयसीएममध्ये तपशील मुळातच मऊ असल्याने १५० पीपीआयही चालतं, म्हणजे ४० इंच रुंद. कागद मॅट घ्या, चकचकीत कागदावर खोलीतले दिवे दिसतात. मोठं छापण्याआधी चित्रातला सगळ्यात गडद आणि सगळ्यात सपाट भाग ए४वर छापून बघा. आकाशासारख्या मऊ भागात पट्टे पडले असतील तर फाइल ८ बिटमध्ये जास्त ताणली गेली आहे, रॉवरून १६ बिटमध्ये पुन्हा करा. किती प्रती छापणार आणि फाइल कुणाकडे राहणार, हे काम द्यायच्या आधी लेखी ठरवून घ्या. सजावटवाले दुसऱ्या घरासाठी तीच फाइल वापरायला मागतात तेव्हा वेगळे पैसे मागता येतात, पण कागदावर लिहिलेलं असेल तरच.